मेलबर्नमध्ये नवीन आलात आणि खेकड्याच्या रश्श्याची आठवण येतेय? मग याबी धरायला शिका

आमच्याकडं पाटण भागात मिरगाचा पहिला पाऊस झाला की त्याच रात्री अर्धं गाव ओढ्याला असायचं, हातात बत्ती नाहीतर बॅटरी, खांद्यावर पोतं, आणि दगड उलटला की खाली काळाकुळकुळीत खेकडा नांग्या वर करून बसलेला. मी सातवी-आठवीपर्यंत आज्ज्याच्या मागं जायचे, बिळात हात कधी घालायचा आणि कधी नाही, खेकडा मागनं कसा दाबून धरायचा हे सगळं तिथंच शिकले. मग लग्न झालं, पुणं झालं आणि आता मेलबर्नमध्ये अकरावं वर्ष चालू आहे. पहिली तीन वर्षं मी सुपरमार्केटमधली फ्रोजन कोळंबी आणून तिचाच रस्सा करायचे आणि प्रत्येक वेळी पहिल्या घासाला कळायचं की चव ती नाही. मग एकदा नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकानं आम्हाला शेपर्टनकडं त्याच्या आईवडिलांच्या शेतावर बोलावलं, तिथं त्याच्या आईनं माझ्या हातात सुतळीचं एक बंडल आणि मटणाचं हाड दिलं आणि म्हणाली जा, तळ्यावर जाऊन बस. अर्ध्या तासानं सुतळी हातात अशी हलकीशी ओढली गेली ना, तेव्हा मला आज्जाच आठवला.

आता दर उन्हाळ्यात नवीन आलेली दोन-तीन मराठी घरं तरी विचारतात की याबी धरायला कुठं जायचं, काय न्यायचं, शिजवायचं कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. हे व्हिक्टोरिया राज्यापुरतं आहे. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर धरायची आणि शिजवायची पद्धत हीच, पण नियम तिथले वेगळे असतात, ते आधी बघून घ्या.

याबी म्हणजे नेमकं काय

गोड्या पाण्यातला क्रेफिश. अंग कोळंबीसारखं लांब आणि पुढं खेकड्यासारख्या दोन दणकट नांग्या, साधारण तळहाताएवढी असते, रंग चिखलासारखा तपकिरी, कधी हिरवट तर कधी चक्क निळा. भारतात मूळचा क्रेफिश कुठल्याच नदीत नाही त्यामुळं आपल्या भाषेत त्याला नावही नाही. काही जण शेवंड म्हणतात पण शेवंड समुद्रातली आणि तिला अशा नांग्या नसतात, तेव्हा सरळ याबीच म्हणूया. हे नाव व्हिक्टोरियाच्या वायव्येकडच्या वेम्बा वेम्बा या आदिवासी लोकांच्या भाषेतून आलेलं आहे, म्हणजे इथल्या मातीचंच नाव आहे. शास्त्रीय नाव चेरॅक्स डिस्ट्रक्टर, १९३६ मध्ये दिलेलं, आणि डिस्ट्रक्टर का तर ही बांधात बिळं करते. आपल्या खेकड्यांवर पण शेताचे बांध फोडल्याचा आळ कायम असतोच, त्यामुळं हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं. दुष्काळात तळं आटलं की याबी खोल बीळ करून खालच्या ओलाव्याला जाऊन बसते आणि पाणी आलं की परत वर. उन्हाळ्यात आपले खेकडे काय वेगळं करतात?

कधी जायचं

इथली जुनी माणसं सांगतात की ज्या महिन्याच्या नावात र आहे त्या महिन्यात याबी धरायची. गंमत म्हणजे हे मराठीतही जमतं, सप्टेंबर ते एप्रिल सगळ्यांत कुठं ना कुठं र आहे आणि मे, जून, जुलै, ऑगस्टमध्ये नाही. कारण सरळ आहे, तेव्हा इथं थंडी असते, पाणी गार झालं, साधारण १५-१६ अंशांच्या खाली गेलं, की याबी सुस्त होते, खात नाही, हलत नाही, तुम्ही कितीही मटण टाका. माझ्या अनुभवात डिसेंबर ते मार्च सगळ्यात चांगलं. दिवसाही मिळतात पण ऊन उतरल्यावर, संध्याकाळी सहा-सातनंतर त्या जास्त फिरतात. आमच्याकडं अमावास्येचे खेकडे भरलेले आणि पौर्णिमेचे पोकळ असं घट्ट मानतात, इथं मला तसा काही फरक जाणवला नाही, इथं भरलेली का पोकळ हे कात टाकण्यावर ठरतं, त्याचं पुढं सांगते.

कुठं जायचं

इथं शेतकरी ज्याला डॅम म्हणतात ते आपलं शेततळं, धरण नव्हे. जनावरांना पाणी म्हणून प्रत्येक शेतात एक-दोन खणलेली असतात आणि याबी धरायला त्यापेक्षा चांगली जागा नाही, विशेषतः गढूळ पाण्याचं तळं. स्वच्छ नितळ पाण्यात पक्ष्यांना आणि माशांना याबी दिसते, ते खातात, त्यामुळं तिथं कमी उरतात. आपल्याला वाटतं स्वच्छ पाणी म्हणजे चांगलं आणि नवीन माणूस हमखास तिथंच जाऊन बसतो. पण शेत कुणाचं तरी असतं, मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही, आणि विचारताना हेही विचारा की तळ्यात शेतातल्या फवारणीचं पाणी उतरतं का. बहुतेक शेतकरी मोकळेपणानं सांगतात. आम्ही परतताना धरलेल्यातल्या निम्म्या त्यांना देतो आणि एकदा तर रश्श्याचा डबा दिला होता, तेव्हापासून ते स्वतःच फोन करून बोलावतात.

ओळखीचं शेत नसेल तर सार्वजनिक पाणी, म्हणजे गोलबर्न, वीमेरा या नद्यांकडचे संथ फाटे, वळणाजवळ साचलेलं पाणी, तलावांच्या कडा. वाहत्या धारेत जाऊ नका. कालव्यांपासून पण लांब राहा, बऱ्याच ठिकाणी आत जायला परवानगी नसते आणि काठ निसरडे असतात, पोरं बरोबर असतील तर नकोच. आणि शहरातली तळी, म्हणजे नवीन सोसायट्यांमध्ये बदकं असलेली ती सुंदर तळी असतात ना, तिथं रस्त्यांवरचं सगळं पावसाचं पाणी येतं, तिथली याबी खायची नाही म्हणजे नाही. उन्हाळ्यात पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग दिसला, रंग कालवल्यासारखा, किंवा शेवाळाची वॉर्निंगची पाटी दिसली तर तिथनं सरळ परत फिरा, ते शेवाळ विषारी असू शकतं आणि शिजवून विष जात नाही.

अजून दोन गोष्टी ज्या आपल्याला गावाकडच्या सवयीनं लक्षात येत नाहीत. तळ्याच्या काठच्या उंच गवतात साप असतात, टायगर स्नेक आणि ब्राऊन स्नेक दोन्ही जबरदस्त विषारी, त्यामुळं पायात बूट आणि जाड लांब पॅन्ट पाहिजेच, चपला नकोत. आणि तिथंच चूल मांडून शिजवायचा बेत असेल तर निघायच्या आधी त्या दिवशी टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला सरकारी बंदी, आहे का ते बघा. असेल तर काडीसुद्धा ओढायची नाही, गुपचूप घरी आणून शिजवायच्या.

कायद्याचं आधी, नेट नंतर

१८ ते ६९ वयाच्या बहुतेक सगळ्यांना फिशिंग लायसन्स लागतं, नुसती सुतळी सोडून बसलात तरी. ऑनलाइन पाच मिनिटांत निघतं, तीन दिवसांचं, २८ दिवसांचं, वर्षाचं असं मिळतं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा ७० च्या पुढचे असतील तर त्यांना लागत नाही आणि १८ खालच्या पोरांना पण नाही. साठीतले असतील तर मात्र त्यांचंही काढा, टुरिस्ट आहे म्हणून सूट नाही. व्हिक्टोरियन फिशरीज अथॉरिटीचं एक फुकट ॲप आहे, त्यात सगळे नियम असतात, फोनमध्ये ठेवा आणि जायच्या आधी एकदा उघडून बघा कारण नियम बदलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला कुणीतरी जुनं, घुमटासारखं बंद जाळीचं नेट देईल, दोन्ही बाजूला तोंडं असलेलं, त्याला ऑपेरा हाऊस नेट म्हणतात. ते घेऊ नका. व्हिक्टोरियात १ जुलै २०१९ पासून ते सगळीकडं बंद आहे, सार्वजनिक पाण्यात पण आणि खाजगी शेततळ्यात पण. कारण त्यात प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा इथला एक केसाळ प्राणी, शिरतो. प्लॅटिपस पाण्यात राहतो पण श्वास हवेत येऊन घेतो, काही मिनिटांत वर यायलाच लागतं, आणि त्या नेटमध्ये आत शिरल्यावर बाहेर वाट सापडत नाही. तो आत बुडून मरतो, आणि आत अडकलेल्या याब्यांच्या मागं एकामागं एक अजून येतात. कासवं आणि इथला पाणउंदीर यांचंही तेच. एखाद्या गॅरेज सेलमध्ये अजून ही नेटं दिसतात, विकणाऱ्याला नम्रपणे सांगा आणि स्वतः कापून कचऱ्यात टाकता आलं तर टाका. ज्या देशात आपण जेवायला बसलोय तिथला असा प्राणी आपल्या रश्श्यापायी मरणं मला सहन होत नाही, म्हणून हे इतकं लांबवलं.

चालतं ते वरून उघडं लिफ्ट नेट. दोन गोल कड्या आणि मध्ये जाळी, तळाला टेकलं की सपाट पडतं आणि ओढलं की टोपलीसारखं उभं राहतं. एका माणसाला १० पर्यंत लावता येतात, प्रत्येकावर तुमचं नाव-पत्त्याची टॅग पाहिजे. पण खरं सांगते, पहिल्या वेळी दोन नेट पुरे, १० नेट सांभाळता सांभाळता जीव जातो. धरायची मर्यादा माणशी ३० लिटर आहे, म्हणजे मोजायची ती बादलीनं, नगांनी नाही. तेवढ्या कुणालाच लागत नाहीत, आमच्या चौघांना अर्धी बादली खूप होते.

सुतळीनं धरायची पद्धत

मी नवीन माणसाला नेहमी सुतळीपासूनच सुरू करायला सांगते, नेटपासून नाही. खर्च नाही, पोरं तासभर शांत बसतात, आणि याबी कशी वागते ते हाताला कळतं.

तीन-चार मीटर सुतळी घ्या. टोकाला लॅम्बच्या मानेचा तुकडा, चिकनचा हाडाचा सांगाडा किंवा माशाचं डोकं, काहीही चालतं पण हाडाला चिकटलेलं मांस चांगलं, नुसता मऊ तुकडा दोन मिनिटांत कुरतडून संपवतात. माझी युक्ती म्हणजे कांदे येतात ती जाळीची पिशवी जपून ठेवायची, तिच्यात मांस घालून गाठ मारायची, मग वास सुटतो पण संपत नाही. सुतळीचं दुसरं टोक काठावर काठी रोवून तिला बांधा, मांस काठापासून दीड-दोन मीटरवर टाका आणि सुतळी किंचित सैल सोडा. अशा चार-पाच सुतळ्या थोड्या थोड्या अंतरावर लावायच्या आणि गप्प बसायचं. काठावर धपाधपा चालू नका, त्यांना ते कळतं.

दहा-पंधरा मिनिटांत एखादी सुतळी ताठ होते, हळूहळू आत जायला लागते. इथं सगळे नवीन लोक चुकतात, एकदम झटका देऊन ओढतात. याबी गळाला लागलेली नाही, गळच नाही तिथं, ती फक्त नांगीनं मांस धरून बसलीय आणि झटका बसला की सोडून देणार. दोन बोटांनी सुतळी धरून इतकं हळू ओढायचं की तिला वाटावं मांसच सरकतंय. काठाजवळ आली, पाण्यात सावली दिसायला लागली की थांबा. आता दुसऱ्या माणसानं लांब दांड्याची जाळी, मासे काढायची असते ती, पाण्यात घालायची आणि ती याबीच्या पुढनं नाही, मागनं आणि खालनं आणायची. कारण याबी घाबरली की शेपटी आपटून उलटी, मागं पळते. जाळी मागं असेल तर ती स्वतःच उडी मारून जाळीत बसते. हे एकदा जमलं की काय आनंद होतो, माझा धाकटा पहिल्यांदा जमलं तेव्हा घरी येईपर्यंत तेच सांगत होता.

लिफ्ट नेटचं थोडक्यात. मध्यभागी मांसाची पिशवी घट्ट बांधा, नेट अलगद टाका, तळाला सपाट टेकलं पाहिजे. दोन नेटमध्ये चार-पाच मीटर अंतर ठेवा. १५-२० मिनिटांनी बघा. आणि इथं बरोबर उलटं, सुतळी हळू पण नेट पटकन, एका दमात, न थांबता वर. मध्ये थांबलात की त्या कडेवरून उड्या मारतात.

हातात धरताना खेकड्यासारखंच, नांग्यांच्या मागं पाठीच्या कवचाला अंगठा आणि एक बोट. नांगी तिथवर पोचत नाही. बोट सापडलंच तर ओढू नका, हात पाण्यात घाला, ती आपण होऊन सोडते.

कुठल्या ठेवायच्या, कुठल्या सोडायच्या

प्रत्येक याबी उलटी करून शेपटीखाली बघायचं. तिथं अंड्यांचा घोस दिसला, किंवा बारीक बारीक पिल्लं लटकलेली दिसली, तर लगेच परत पाण्यात. हा कायदा आहे. आमच्या आज्ज्याचा पण हाच कायदा होता, पिल्लांची खेकडीण पोत्यात दिसली तर रात्री परत ओढ्यापर्यंत पाठवायचा आम्हाला. पाण्यात फेकू नका, काठाला हात बुडवून सोडा, नाहीतर पिल्लं सुटतात.

याबीला कमीत कमी आकाराचा नियम नाही पण बोटाएवढ्या धरून करणार काय, आत मांसच नसतं, सोडून द्या. दाबल्यावर पाठ मऊ लागली तरी सोडा. ती नुकतीच कात टाकलेली असते, आत पाणीच पाणी. कात टाकायच्या आधी याबी कवचातला चुना काढून डोक्यात दोन पांढऱ्या गुंड्यांसारखा साठवते आणि नंतर तोच नवीन कवचाला वापरते. साफ करताना अशा गुंड्या सापडल्या तर घाबरू नका, रोग नाही.

आणि अंगावर, शेपटीवर काटे असतील, नांग्या पांढऱ्या असतील, तर ती याबी नाही. तो मरी क्रेफिश किंवा त्याच्या जातीतला काटेरी क्रेफिश. जगात गोड्या पाण्यातल्या क्रेफिशमध्ये मरी क्रेफिश आकारानं दुसरा, पहिला टास्मानियातला. त्याचे नियम फार कडक आहेत, सीझन फक्त हिवाळ्यातला, मोजमाप वेगळं. हे प्राणी अतिशय सावकाश वाढतात. नवीन असताना नियम पाठ करत बसू नका, काटे दिसले की सोडायचं, एवढंच लक्षात ठेवा. याबी गुळगुळीत असते.

सोडायची ती जिथं धरली त्याच पाण्यात. उरलेल्या नेऊन दुसऱ्या तळ्यात, घराजवळच्या ओढ्यात सोडू नका, वाटतं पुण्य पण होतं नुकसान. १९३२ मध्ये व्हिक्टोरियातून याब्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेततळ्यांत नेल्या होत्या, त्या तिथनं नद्यांत पसरल्या आणि तिथल्या मूळच्या मॅरन नावाच्या क्रेफिशच्या जागेवर आणि खाण्यावर आल्या.

घरी आणणं आणि साफ करणं

आणताना पाण्यानं भरलेल्या बादलीत आणू नका. ही माझी पहिल्या वेळची चूक, दीड बादली याब्या गाडीत ठेवल्या आणि मेलबर्नला येईपर्यंत अर्ध्या मेलेल्या. साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. त्याऐवजी गोणपाट ओलं करून त्यात गुंडाळायच्या आणि एस्कीमध्ये, म्हणजे गार ठेवायच्या पेटीत, ठेवायच्या, खाली कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली. कल्ले ओले राहिले की हवेतही त्या आरामात तग धरतात. एस्कीत पाणी साचू द्यायचं नाही. आणि घरी आल्यावर जी हलत नाही, शेपटी ढिली सोडलीय, ती टाकून द्या, जीव हळहळतो पण मेलेलीचं मांस झटकन खराब होतं.

त्याच दिवशी शिजवू नका. चिखल खाऊन आलेली असते, पोट आणि शेपटीतला दोरा काळा असतो आणि रश्श्याला मातकट वास येतो. मोठ्या टबात चार-पाच बोटं पाणी, रात्रभर उघडं ठेवलेलं म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीनचा वास कमी होतो, त्यात एक दिवस ठेवा, खायला काही द्यायचं नाही, पाणी दोनदा बदला. वर जाळीचं झाकण आणि त्यावर वजन ठेवा. आमच्याकडं एकदा सकाळी लॉन्ड्रीत वॉशिंग मशीनखालनं तीन निघाल्या.

शिजवायच्या आधी बर्फ आणि पाण्याच्या घट्ट काल्यात २०-३० मिनिटं, पूर्ण निपचित होईपर्यंत. जिवंत उकळत्या पाण्यात टाकू नका. गावाकडं आम्ही हा विचार कधी केला नव्हता, इथं शिकले, आणि आता दुसरं काही करवत नाही.

पहिल्यांदा नुसत्या उकडून खा

मसाल्याकडं धावायच्या आधी एकदा तरी नुसती उकडलेली खा म्हणजे मूळ चव कळेल. मोठ्या पातेल्यात पाणी, भरपूर मीठ, चाखून बघितलं तर खारं लागलं पाहिजे. खळखळून उकळी आली की आठ-दहा याब्या टाका, परत उकळी आल्यापासून तीन-चार मिनिटं, मोठ्या असतील तर पाच. रंग भगवा-लाल होतो. काढून लगेच गार पाण्यात. डोकं आणि शेपटी उलट्या दिशेनं पिळली की वेगळी होतात, शेपटीचं कवच खालनं चिरून मांस काढा, पाठीवरचा दोरा ओढून टाका. नांग्या बत्त्यानं हलक्या ठेचून आतलं मांस काढा, ते सगळ्यात गोड. वर लिंबू आणि मिरपूड. त्या शेतावरच्या आजी पांढऱ्या ब्रेडला बटर लावून, वर व्हिनेगर शिंपडून देतात आणि खरंच फार चांगलं लागतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कोळंबीची ॲलर्जी असलेल्यानं हे खायचं नाही. आणि अर्धं कच्चं कुणीच खायचं नाही, गोड्या पाण्यातले खेकडे आणि क्रेफिश कच्चे खाल्ले तर फुप्फुसात जंत होण्याचा धोका असतो.

आता रस्सा

चौघांना दीड-दोन किलो याब्या घ्या. ऐकायला जास्त वाटतं पण किलोला दीडशे-दोनशे ग्रॅमच शेपटीचं मांस निघतं, बाकी कवच. रश्श्यासाठी उकडून घ्यायच्या नाहीत, बर्फात निपचित झालेल्या कच्च्याच साफ करायच्या. आधी शेपटीचा मधला पंखा किंचित पिळून हळू ओढा, सगळा काळा दोरा अख्खा बाहेर येतो. मग डोकं पिळून वेगळं करा. डोक्यातला पिवळा-हिरवा गर काही लोक आवडीनं खातात, मी टाकते, पाण्यात काही वाईट असेल तर ते तिथंच साठतं. शेपट्या कवचासकट ठेवा, पाठीवर उभी चीर द्या म्हणजे मसाला आत जातो. नांग्यांना एकेक ठोका.

बारीक पाय टाकू नका, रश्श्याचा जीव तिथं आहे. खेकड्याला करतो तसंच, पाय स्वच्छ धुवून मिक्सरमध्ये दोन वाट्या पाण्याबरोबर फिरवा आणि स्वच्छ सुती कापडातून दोनदा गाळा, कवचाचा एकही कण राहता कामा नये. दुधट राखाडी पाणी निघतं. बाजूला ठेवा.

वाटण आमच्या पद्धतीचं सांगते, तुमच्याकडं मालवणी करत असाल तर तसं करा. दोन कांदे गॅसवर सालासकट काळे होईपर्यंत भाजा, अर्धी वाटी सुकं खोबरं तव्यावर तांबूस, एक चमचा धणे, एक चमचा तीळ, दोन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा. गार झालं की कांदे सोलून, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबीर घालून सगळं गंधासारखं बारीक वाटा. पातेल्यात चार चमचे तेल, वाटण परता, तेल सुटेपर्यंत, घाई नको, दहा मिनिटं लागतात. मग हळद, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, मीठ, आणि दोन-अडीच वाट्या गरम पाणी.

रस्सा उकळला की पायांचं गाळलेलं पाणी घाला आणि ढवळत राहा. गरम झालं की त्याचे मऊ मऊ गोळे धरायला लागतात, फाटलं म्हणून घाबरू नका, खेकड्याच्या रश्श्यात पण असंच होतं आणि तेच तर खायचं असतं. कच्चं आहे म्हणून चांगली सात-आठ मिनिटं खळखळून उकळू द्या. दोन आमसुलं टाका. आणि आता सगळ्यात शेवटी नांग्या, त्यानंतर दोन मिनिटांनी शेपट्या, झाकण ठेवून पाच मिनिटं, आतलं मांस पांढरं आणि घट्ट झालं की गॅस बंद. मी पहिल्या वेळी खेकड्यासारखं २० मिनिटं शिजवलं होतं, शेपट्यांचं पार रबर झालं, रस्सा मात्र सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला. याबीचं मांस कोळंबीच्या जातीचं समजा, खेकड्याच्या नाही.

बंद केल्यावर दहा मिनिटं मुरू द्या. बरोबर तांदळाची भाकरी, इथल्या इंडियन दुकानातलं पीठ जरा जुनं असतं म्हणून उकड काढूनच करा, नाहीतर थापताना फुटते. आणि भात हवाच, दुसऱ्या वाढणीला लागतो.

राहिलं ते आवरायचं. कवचं त्याच रात्री दोन पिशव्यांत बांधून फ्रीजरमध्ये टाका आणि कचऱ्याची गाडी यायच्या सकाळी बिनमध्ये, नाहीतर उन्हाळ्यात सगळ्या गल्लीला कळतं काय शिजलं ते. थोडी बागेत खोल पुरली तर मिरचीच्या झाडांना चांगली, वर दगड ठेवा, कोल्हे उकरतात. नेट, जाळी आणि बूट धुवून चिखलाचा कण राहणार नाही असे करा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा, एका तळ्यातलं काही दुसऱ्यात जायला नको. आणि नेट गुंडाळून ठेवायच्या आधी नावाची टॅग बघा, पाण्यात शाई उडालेली असते, परत लिहून ठेवा.